पहिल्या पाण्यातले तणनाशक

शेतात फवारलेल्या तणनाशकाचा बहुतेक भाग शेतातच संपतो. काही तणांच्या मुळांत शोषला जातो, काही मातीच्या कणांना चिकटून बसतो, काही उन्हामुळे आणि मातीतल्या जिवाणूंमुळे विघटित होतो. उरलेला थोडासा वाटा पावसाच्या किंवा पाटाच्या पाण्याबरोबर बांध ओलांडून ओढ्याला लागतो. हा वाटा सहसा फवारलेल्या मात्रेच्या एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. फवारणीमागोमाग जोराचा पाऊस झाला तर तो बराच वाढतो. एक-दोन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब वेगळेच सांगतो. हेक्टरी एक किलो सक्रिय घटक फवारला आणि त्यातला एक टक्का वाहून गेला, तर ते दहा ग्रॅम झाले. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, या प्रमाणात हे दहा ग्रॅम एक कोटी लिटर पाण्यात पसरू शकतात. दहा हजार लिटरचे हजार टँकर भरतील इतके हे पाणी. आणि डायुरॉनसारख्या तणनाशकाचा परिणाम काही शैवालांवर याच प्रमाणाच्या आसपास दिसू लागतो.

ओढ्या-नद्यांतल्या तणनाशकांची सर्वांत बारकाईने मोजणी जिथे झाली, अशा प्रदेशांत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याचा ईशान्य किनारा अग्रभागी आहे. त्याचे कारण समुद्रात आहे. किनाऱ्याला समांतर सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळभिंत १९८१ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिच्या दिशेने ३५ नदीखोऱ्यांचे पाणी वाहत येते. या पाणलोटाचा बहुतांश भाग गुरांच्या कुरणांचा आहे. ऊस जेमतेम एक टक्का क्षेत्रावर आहे. पण हा ऊस नेमका किनाऱ्यालगतच्या सखल, भरपूर पावसाच्या पट्ट्यात आहे आणि ऑस्ट्रेलियातली सुमारे ९५ टक्के साखर क्वीन्सलंडमध्येच तयार होते. त्यामुळे समुद्राकडे जाणाऱ्या तणनाशकांचा मोठा वाटा या छोट्या क्षेत्रातून येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रकाशसंश्लेषण रोखणाऱ्या तणनाशकांचा वर्षाकाठी सुमारे ३० टन भार नद्यांमधून प्रवाळभिंतीच्या परिसरात पोहोचत होता.

या गटातली मुख्य नावे डायुरॉन, ॲट्राझिन, हेक्झाझिनोन आणि ॲमेट्रिन ही. चौघांचे काम एकाच जागी चालते. हिरव्या पेशीत प्रकाशाची ऊर्जा पकडून ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने पुढे पोहोचवणारी यंत्रणा असते. तिच्या ‘प्रकाशप्रणाली-२’ या भागात डी-१ नावाचे प्रथिन असते. इलेक्ट्रॉन जिथून पुढे सरकायचा, त्या खाचेत तणनाशकाचा रेणू जाऊन बसतो आणि वाट अडते. प्रकाश तर पडतच राहतो. अडलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, ती पेशीची आवरणे फाडतात आणि पान पिवळे पडून करपते. मका आणि ऊस ॲट्राझिनला पुरून उरतात, कारण त्यांच्या पेशी हा रेणू दुसऱ्या रेणूला जोडून निष्प्रभ करतात. अडचण अशी की प्रकाशप्रणाली-२ ची रचना डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालापासून वडाच्या झाडापर्यंत जवळपास सारखीच आहे. शेतातले तण आणि ओढ्यातल्या दगडावरचे शैवाल यांत हे रसायन भेद करत नाही.

तण उगवण्याआधी मारायचे तणनाशक मातीच्या वरच्या थरात काही आठवडे टिकायला हवे आणि ओलाव्यात विरघळून कोवळ्या मुळांपर्यंत पोहोचायलाही हवे. ज्या गुणांसाठी शेतकरी ते विकत घेतो, त्याच गुणांमुळे ते वाहून जाते. हेक्झाझिनोन लिटरभर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम विरघळते. ॲट्राझिन त्याच्या हजाराव्या भागाइतकेच, पण वाहत्या पाण्यात जेवढे असते तेवढे विरघळायला ही मात्राही भरपूर होते. म्हणून या रसायनांचा बराचसा प्रवास गाळाबरोबर नव्हे, तर पाण्यात विरघळूनच होतो. गाळ अडवणारा बांध किंवा गवताचा पट्टा मातीची धूप थांबवतो आणि फॉस्फरसही बऱ्यापैकी रोखतो. विरघळलेले तणनाशक मात्र त्याला फारसे जुमानत नाही. पाणी जमिनीत मुरले तरच ते अडते. मृदसंधारणाची कामे झाली म्हणजे तणनाशकांचाही प्रश्न सुटला, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

वाहून जाण्याचे प्रमाण सर्वांत जास्त ठरते ते फवारणी आणि पहिला वाहता पाऊस यांच्यामधल्या दिवसांवर. क्वीन्सलंडमध्ये ऊसतोडणी जूनपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. तोडणीनंतर खोडव्यात फवारणी होते. जून-जुलैत तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पावसाळ्यापूर्वी काही महिने मिळतात आणि तेवढ्या काळात रसायन बरेच विघटित होते. उशिरा तोडलेल्या शेतात मात्र फवारणी आणि वादळी पावसाचे पहिले तडाखे एकाच वेळी येतात. अशा वेळी शेतातून निघणाऱ्या पहिल्या पाण्यात तणनाशकाचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसऱ्या, तिसऱ्या पावसात ते झपाट्याने उतरत जाते. खालच्या बर्डेकिन भागात परिस्थिती थोडी निराळी आहे. तिथे ऊस सरीतून पाणी देऊन वाढवतात, सरीच्या टोकाला जादा झालेले पाणी बाहेर पडते आणि कोरड्या महिन्यांतही बराटा क्रीक या ओढ्यात तणनाशके सापडतात. हा ओढा बोलिंग ग्रीन बे या रामसर पाणथळीकडे जातो.

यातूनच मोजणीची मुख्य अडचण उभी राहते. महिन्यातून एकदा, सोयीच्या दिवशी, पुलावरून बादली सोडून पाणी भरले तर ते नमुने बहुधा निवळ प्रवाहाचेच असतात. लहान ओढ्यातले तणनाशकाचे शिखर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येऊन जाते. ते हुकले, तर प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी उत्तर चुकीचेच मिळणार. अमेरिकेच्या मका पट्ट्यात हे आधीच दिसले होते. तिथल्या भूसर्वेक्षण विभागाने १९८९ मध्ये मध्यपश्चिमेतल्या नद्या पेरणीपूर्वी, पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात आणि पुढे शरदातल्या कमी प्रवाहात तपासल्या. पेरणीनंतरच्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी ॲट्राझिन पिण्याच्या पाण्यासाठी तेव्हा प्रस्तावित असलेल्या, लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे होते. त्याच नद्या इतर दोन वेळी बऱ्याच स्वच्छ दिसत होत्या.

क्वीन्सलंडच्या पाणलोट मोजणी कार्यक्रमाने म्हणून पुराचा पाठलाग करण्याची पद्धत बसवली. मॅके शहराच्या दक्षिणेला सँडी क्रीक हा ओढा होमबुश गावापाशी मोजला जातो. अशा ठिकाणी काठावर, पुराच्या पातळीच्या वर, एक छोटी बंदिस्त खोली असते. आत शीतकपाट आणि त्यात ओळीने लावलेल्या बाटल्या. एक नळी ओढ्यात सोडलेली असते आणि शेजारचे उपकरण पाण्याची पातळी सतत नोंदवत असते. पातळी ठरावीक वेगाने वाढू लागली की पंप आपोआप सुरू होतो, नळी आधी ओढ्याच्याच पाण्याने धुतली जाते, मग एक बाटली भरते. पूर चढत असताना बाटल्या जवळजवळच्या अंतराने भरतात, उतरताना विरळ, कारण तणनाशकाचे शिखर पुष्कळदा पाण्याच्या शिखराआधी येते. रस्ते पाण्याखाली असतानाही नमुने घेतले जातात आणि थंड राहतात. पुढे प्रयोगशाळेत पाणी गाळून, त्यातली रसायने एका घन शोषकावर गोळा करून, द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापक यांच्या जोडयंत्राने ती ओळखली जातात. लिटरमागे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके प्रमाणही या यंत्रांच्या आवाक्यात आहे.

समुद्रात वेगळा उपाय योजावा लागतो, कारण वादळात होडी नेता येत नाही. तिथे २००५ पासून शोषक चकत्या वापरल्या जात आहेत. हाताच्या पंजात मावेल अशी चकती धारकात बसवून पाण्याखाली टांगतात. काही आठवडे ती आजूबाजूच्या पाण्यातली रसायने हळूहळू शोषते. ती बाहेर काढून तपासली की त्या मुदतीतले सरासरी प्रमाण कळते. शिखर किती उंच होते हे चकती सांगत नाही, पण बाटलीच्या नमुन्यात हाती न लागणारी सूक्ष्म, सततची उपस्थिती ती पकडते.

आकडे हाती आल्यावर त्यांचा अर्थ कसा लावायचा, यावर क्वीन्सलंडमध्ये धोरणच बदलले, आणि हा या साऱ्या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. सुरुवातीला उद्दिष्ट भाराचे होते. २००९ च्या आराखड्यात प्रकाशसंश्लेषण रोखणाऱ्या तणनाशकांचा भार २०१३ पर्यंत निम्म्यावर आणायचे ठरले. २०१३ च्या आराखड्यात २०१८ पर्यंत ६० टक्के घट हे लक्ष्य आले. भार म्हणजे प्रमाण गुणिले प्रवाह, किलोत किंवा टनात. या हिशेबात दोन दोष होते. मोठ्या नदीत प्रमाण नगण्य असले तरी प्रवाहामुळे भार मोठा दिसतो. सँडी क्रीकसारख्या लहान ओढ्याचा भार कमी भरतो, पण त्यातले जीव मात्र दाट द्रावणात जगत असतात. दुसरे असे की एक किलो डायुरॉन आणि एक किलो ॲट्राझिन यांची विषारीपणाची ताकद सारखी नाही. शेतकऱ्यांनी डायुरॉन सोडून मेट्रिब्युझिन, मेटोलाक्लोर, इमाझापिक अशी दुसरी तणनाशके घेतली की कागदावरचा भार उतरतो. ओढ्यातल्या जीवांचा त्रास त्याच प्रमाणात उतरेलच असे नाही.

२०१७ ते २०२२ च्या पाणी-गुणवत्ता आराखड्याने म्हणून प्रश्नच बदलला. किती किलो वाहिले हे बाजूला ठेवून, पाण्यातल्या जीवजातींपैकी किती टक्के सुरक्षित आहेत असे विचारायला सुरुवात झाली. पद्धत अशी आहे. शैवाल, जलवनस्पती, कवचधारी, कीटक, मासे अशा अनेक जातींवर प्रयोगशाळेत प्रत्येक रसायनाची चाचणी होते. कोणती जात किती प्रमाणाला बाधते, त्याचा एक वक्र काढला जातो. ओढ्यातले प्रमाण त्या वक्रावर ठेवले की किती टक्के जाती बाधित होतील याचा अंदाज मिळतो. ओढ्यात मात्र एकच रसायन कधी नसते. सारख्या पद्धतीने काम करणाऱ्यांची मात्रा विषारीपणानुसार तोलून एकत्र धरली जाते, निराळ्या पद्धतीने काम करणाऱ्यांचे परिणाम स्वतंत्र मानून जोडले जातात. असा हिशेब २२ कीडनाशकांसाठी होतो. त्यांत तणनाशकांबरोबर इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकेही आहेत. हंगामातल्या पहिल्या वाहत्या पाण्यापासून १८२ दिवस मोजून त्यांची सरासरी काढतात. नदीच्या मुखाशी किमान ९९ टक्के जाती सुरक्षित असाव्यात, हे २०२५ पर्यंतचे लक्ष्य होते. मॅके-व्हिटसंडे भाग या लक्ष्यापासून सर्वांत दूर राहिला.

मोजणीच्या इतिहासातले हे पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. तरीही सहा महिन्यांच्या सरासरीत दोन दिवसांचे तीव्र शिखर सौम्य होऊन जाते, आणि फवारणीच्या द्रावणात मिसळलेली चिकट व पसरट करणारी सहायक द्रव्ये या बावीसांत धरलेली नाहीत. मिळालेला आकडा धोक्याची किमान पातळी सांगतो असे समजून वाचणे शहाणपणाचे.

ओढ्यात पहिला फटका बसतो तो दगडांवर आणि बुडलेल्या फांद्यांवर वाढणाऱ्या शैवालाच्या पातळ थराला. गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, लहान मासे यांची अन्नसाखळी तिथून सुरू होते. तणनाशक आले की नाजूक जाती मागे पडतात, सहनशील जाती जागा घेतात. पाणी हिरवेच दिसते, पण त्यातली वस्ती बदललेली असते. प्रकाशसंश्लेषण मंदावल्याने पाण्यातला ऑक्सिजनही घटतो. मासे उलटे पडलेले दिसत नाहीत, म्हणून हा परिणाम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आडून होणारे परिणाम तर आणखी दूर जातात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या पाणथळींवरचे एक संशोधन २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बिबट्या बेडकांच्या शरीरात परजीवी पर्णकृमी किती आहेत, याचा संबंध शेकडो घटकांशी ताडून पाहिला असता ॲट्राझिन हा सर्वांत ठळक घटक ठरला. कृत्रिम टाक्यांत प्रयोग केल्यावर कारणही उलगडले. ॲट्राझिनने पाण्यात तरंगणारे शैवाल घटले, पाणी नितळ झाले, तळापर्यंत प्रकाश पोहोचला आणि तळावरचे शैवाल वाढले. त्यावर चरणाऱ्या गोगलगायी वाढल्या, आणि या पर्णकृमींच्या जीवनचक्राचा एक टप्पा गोगलगायीतच पार पडतो. शिवाय बेडकांची रोगप्रतिकारशक्तीही खालावली. एका वनस्पतीनाशकाने बेडूक आजारी पडतो तो असा चार पायऱ्यांनी. एकेका जातीवर काचपात्रात घेतलेल्या चाचण्यांत ही साखळी दिसू शकत नाही.

क्वीन्सलंडच्या खाडीमुखांवर १९९० च्या दशकात मॅकेजवळची तिवराची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळली. हीच जात कोकणच्या खाड्यांतही आहे. चिखलातले डायुरॉन हे त्याचे कारण असावे, असा निष्कर्ष काही संशोधकांनी काढला, इतरांनी त्यावर आक्षेप घेतले आणि तो वाद निर्विवादपणे मिटलेला नाही. सागरी गवताबद्दल पुरावा अधिक पक्का आहे. प्रयोगांत डायुरॉनमुळे या गवताचे प्रकाशसंश्लेषण आणि साठवलेली ऊर्जा घटते. पुराच्या गढूळ पाण्यात आधीच प्रकाश कमी पडत असताना हा दुसरा भार येतो, आणि डुगाँग व हिरवी कासवे याच गवतावर जगतात.

प्रवाळाचे नाते जरा आतले आहे. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याच्या अन्नाचा मोठा भाग तेच पुरवते. प्रवाळावर क्षणभर प्रकाशाचा झोत टाकून त्याची प्रतिदीप्ती मोजणारे उपकरण असते. डायुरॉन मिसळलेल्या पाण्यात या आतल्या शैवालाची कार्यक्षमता उतरलेली त्यावर लगेच दिसते. स्वच्छ पाण्यात ठेवले की थोड्या काळाच्या संपर्कातून ती सावरते. संपर्क लांबला तर प्रवाळ पांढरा पडू शकतो, पुनरुत्पादन मंदावते, आणि पाणी गरम असेल तर दोन्ही ताण एकमेकांत मिसळतात. सागरी उद्यान प्राधिकरणाने २०१० मध्ये डायुरॉनसाठी लिटरमागे ०.९ मायक्रोग्रॅम ही संरक्षण-मर्यादा ठरवली. पुढच्या अभ्यासांतून ती आणखी खाली आणण्याची शिफारस झाली.

प्रवाळभिंतीचे मोठे विरंजन समुद्र तापल्यामुळे होते, तणनाशकांमुळे नव्हे. खोल समुद्रातल्या भिंतींपाशी ही रसायने अतिशय विरळ असतात. धोका सर्वांत जास्त आहे तो गोड्या पाण्याच्या ओढ्यांत आणि पाणथळींत, त्याखालोखाल खाडीत, मग किनाऱ्यालगत. मोजणी प्रवाळाच्या नावाने आणि प्रवाळासाठीच्या पैशातून सुरू झाली, पण तिने दाखवले ते ओढ्यांचे दुखणे. ओढ्याला वारसास्थळाचा दर्जा नसतो, म्हणून त्याचे दुखणे कमी प्रतीचे ठरत नाही.

नियमांत आणि शेतात यामुळे काही बदल झाले. डायुरॉनचा फेरविचार करून ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये उष्ण कटिबंधातल्या उसासाठी पावसाळ्याच्या काळात फवारणीबंदी घातली. युरोपीय संघाने तर भूजलातल्या अवशेषांमुळे २००४ मध्ये ॲट्राझिनची मंजुरीच काढून घेतली. शेतावर सर्वांत परिणामकारक ठरले ते सगळ्या रानावर न फवारता फक्त उसाच्या ओळीवर पट्टा फवारणे आणि सऱ्यांमधल्या तणावर झाकणी लावून, जमिनीत लवकर निष्क्रिय होणारे औषध मारणे. जेवढे क्षेत्र कमी फवारले, साधारण तेवढे वाहून जाणेही घटते. पाचट न जाळता पसरवले की तण मुळातच कमी उगवते आणि माती टिकते. मात्र टिकाऊ तणनाशक पाचटावरच फवारले, तर पहिल्या सरीने ते धुऊन जाते, हेही मोजणीतच कळले. बर्डेकिनमध्ये सरीच्या टोकाचे पाणी खड्ड्यात साठवून पुन्हा रानाला देतात.

शेतकऱ्यांचा सरकारी आकड्यांवर सहजासहजी विश्वास बसला नाही. नदीच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यात आपल्या रानाचा वाटा किती, हा त्यांचा सवाल रास्त होता. रसेल-मलग्रेव्ह खोऱ्यात ऊस उत्पादकांच्याच पुढाकाराने, जेम्स कुक विद्यापीठातल्या संशोधकांना बरोबर घेऊन, ‘प्रोजेक्ट २५’ या नावाने गावाजवळच्या ओढ्या-नाल्यांवर मोजणी सुरू झाली. शेताच्या जवळ, ओळखीच्या पाण्यात मोजलेला आकडा शेतकऱ्याला पटतो आणि फवारणीची तारीख बदलायला लावतो. मोजणी जितकी शेताच्या जवळ येते, तितकी ती उपयोगी पडते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ॲट्राझिन आणि मेट्रिब्युझिन उसात, ॲट्राझिन मक्यातही, सर्रास वापरले जाते. क्वीन्सलंडमध्ये पावसाळा आणि फवारणी यांत काही महिन्यांचे अंतर ठेवता येते. आपल्याकडे आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि उगवणीपूर्वीची फवारणी ऐन पावसात, वाफसा मिळेल त्या दिवशी उरकावी लागते. केंद्र सरकारने २०२० मध्ये बंदीसाठी ज्या २७ कीडनाशकांचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन आणि डायुरॉन दोन्ही होती. २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी झालेल्यांत ती नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. ही मर्यादा माणसासाठी ठरवलेली आहे. ओढ्यातल्या शैवालाचा, गोगलगायीचा, बेडकाचा विचार त्यात नाही. नद्यांच्या नेहमीच्या तपासणीत ऑक्सिजन, सांडपाण्याचा भार आणि जिवाणू यांवर भर असतो.

उसाच्या पट्ट्यातल्या ओढ्यांवर तणनाशकांची मोजणी करायची, तर तिची पहिली बाटली आडसाली लागणीनंतरच्या पहिल्या वाहत्या पाण्यात भरली पाहिजे. कृषी महाविद्यालये, साखर कारखान्यांच्या माती-पाणी प्रयोगशाळा आणि गावोगावचे ऊस उत्पादक एकत्र आले, तर हे काम आवाक्याबाहेरचे नाही. डिसेंबरच्या निवळ पाण्याचा नमुना घेऊन ओढा स्वच्छ असल्याचा निर्वाळा कुणी दिला, तर तो मान्य करू नये.